शेकोटी विझवायला सांगताना

गेल्या जानेवारीतली गोष्ट. पहाटेचे साडेतीन. मी पलंगावर बसलेली, मांडीवर दोन उश्या, उश्यांवर कोपरं टेकलेली. दम्याच्या माणसाला ही बैठक कुणी शिकवावी लागत नाही. खिडकीच्या फटीतून धूर येत होता. नुसत्या लाकडाचा धूर मी ओळखते, हा तो नव्हता. पुठ्ठा, प्लायवूडचे तुकडे आणि त्यांवरचा सनमायका जळाला की येतो तो, घशाला चिकटून बसणारा.

आमचा फ्लॅट धायरीत, पहिल्या मजल्यावर, बरोबर गेटच्या वर. खाली वॉचमनकाकांनी शेकोटी पेटवली होती. त्या आठवड्यात पुणं चांगलंच गारठलं होतं.

मी खिडकी उघडली, त्याबरोबर आणखी धूर आत आला. मनात वाक्य तयार होतं : काका, जरा शेकोटी विझवता का, मला दम्याचा त्रास आहे. त्यातलं ‘काका’ बाहेर पडलं. मग श्वास. ‘शेकोटी.’ पुन्हा श्वास. उरलेलं मी हाताने सांगितलं. झटका किती गंभीर आहे हे ठरवताना डॉक्टर जे बघतात, त्यात हेही असतं की पेशंटला एका दमात वाक्य पूर्ण करता येतंय का. म्हणजे आपली बाजू मांडायची सगळ्यात जास्त गरज असते, नेमकं तेव्हाच वाक्याला पुरेल एवढी हवा नसते.

काकांनी वर पाहिलं, नळाखालची बादली आणून निखाऱ्यांवर ओतली. वाफेचा आणि राखेचा एक मोठा लोट उठला. ‘चुकलं ताई,’ म्हणाले. साठीचा माणूस, तिशीतल्या मुलीला. पाच वाजता बसल्या बसल्याच माझा डोळा लागला. काका सात वाजेपर्यंत त्याच प्लॅस्टिकच्या खुर्चीत होते, मफलर कानांवर घट्ट बांधून, दोन्ही हात काखेत.

मी चूक केली का? विचाराल तर नाही. पण वर्ष झालं, ती बादली डोक्यातून जात नाही.

*

मराठीतला ‘दम’ हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. दम म्हणजे श्वास. दम म्हणजे ताकद : त्याच्या बोलण्यात दम आहे. दम म्हणजे धीर : दम धर जरा. आणि दम म्हणजे धमकीसुद्धा : साहेबांनी दम दिला. ज्याला दम लागतो त्याच्यात दम नसतो, असा हिशेब भाषेनेच करून ठेवलेला आहे. शाळेत पीटीच्या तासाला मैदानाला दोन फेऱ्या मारून मी मटकन खाली बसले की मुलं म्हणायची, ‘हिच्यात दमच नाही.’ सगळ्या अर्थांनी बरोबर होतं ते.

लोकांना वाटतं, दमेकऱ्याला श्वास घेता येत नाही. आतली गोष्ट थोडी उलटी आहे. श्वासनलिका सुजतात, त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळले जातात, आत चिकट कफ साठतो, आणि जास्त अडतं ते श्वास सोडताना. जुनी हवा पुरती बाहेर जात नाही म्हणून नवीला जागा होत नाही. भरलेल्या पीएमपीतून कुणी उतरलंच नाही तर स्टॉपवरच्यांनी चढायचं कुठे? छाती भरलेली असते आणि तरी जीव हवेसाठी तडफडत असतो.

माझ्या फायलीवर ‘तीव्र दमा’ असं लिहिलंय. म्हणजे स्टेरॉइडच्या इनहेलरची मोठी मात्रा आणि जोडीला आणखी औषध रोज घ्यावंच लागतं, आणि ते सगळं वेळच्या वेळी घेऊनही दमा पुष्कळदा आटोक्यात राहत नाही. रोज सकाळी मी पीक फ्लो मीटरमध्ये फुंकते आणि काटा कुठे थांबतो ते वहीत लिहिते. चांगल्या दिवशी ३८०, वाईट दिवशी २१०. त्या आकड्यावरून ठरतं, जिन्याने उतरायचं की लिफ्टने, भाजीला मिरचीची फोडणी घालायची की नाही, मैत्रिणीच्या जोकला पोट धरून हसायचं की नुसतं स्मित करायचं. हसण्यानेही झटका येतो. हे सांगितलं की लोक आणखी हसतात.

चरकसंहितेत श्वासाच्या विकाराचे पाच प्रकार दिलेत. त्यातल्या तमकश्वासाचं वर्णन मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला : आडवं पडलं की त्रास वाढतो, बसलं की बरं वाटतं, ऊब हवीशी होते, ढगाळ हवा, पाऊस, थंडी आणि पूर्वेचा वारा यांनी बळावतो. एवढ्या शतकांपूर्वी कुणीतरी माझ्यासारख्या माणसाच्या उशाशी रात्रभर बसलं असणार, त्याशिवाय हे लिहिता येत नाही. रोमन तत्त्वज्ञ सेनेकालाही बहुधा हाच आजार होता. ल्युसिलियस या मित्राला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की वैद्य याला मरणाची तालीम म्हणतात. त्यातून त्याने मरणाला न घाबरण्याचा धडा घेतला. मला ते काही जमलेलं नाही. शिवाय सेनेका गडगंज श्रीमंत होता. त्याच्याकडच्या शेकोट्या पेटवायला आणि विझवायला गुलाम असणार. माझा प्रश्न मरणाच्या पुष्कळ अलीकडचा आहे. खिडकीखाली बसलेल्या माणसाकडे हवा मागायची ती कशाच्या जोरावर?

*

‘जरा’ हा शब्द मी आयुष्यात किती वापरला असेल! शेजारच्या आजींना, धूप जरा कमी घालता का. रिक्षावाल्या दादांना, सिगरेट जरा नंतर ओढता का. ऑफिसातल्या मुलाला, डिओ जरा बाहेर जाऊन मारशील का. सकाळी रस्ता झाडून पालापाचोळ्याचा ढीग पेटवणाऱ्या मावशींना, जरा जाळू नका ना. पुढे ‘प्लीज’, मागे ‘सॉरी’. हवा मागणाऱ्याचा आवाज आपोआप उसनी साखर मागायला आलेल्या माणसासारखा होतो.

कायद्यात असं नाही. तिथे मी हक्कदार आहे. सुभाषकुमार विरुद्ध बिहार राज्य या १९९१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा येते. २०१५ मध्ये दिल्लीतली तीन तान्ही मुलं फटाक्यांविरुद्ध त्याच न्यायालयात गेली. अर्थातच वडिलांमार्फत, कारण सगळ्यात मोठं मूल चौदा महिन्यांचं होतं. त्या खटल्यात ऑक्टोबर २०१८ मध्ये आदेश आला : दिवाळीत फटाके रात्री आठ ते दहा एवढाच वेळ, आणि तेही कमी प्रदूषण करणारे. धर्माचं स्वातंत्र्य जगण्याच्या हक्काच्या वर नाही, हेही तिथे सांगितलं गेलं.

कागदावर प्रश्न मिटला. आता आमच्या पार्किंगमध्ये या.

२०१६ मध्ये पुण्यातल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने पुणे विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन सहा फटाक्यांचा धूर मोजला. हजाराची लड, पुलपुल, फुलबाजी, चक्री, अनार या सगळ्यांपेक्षा जास्त सूक्ष्म कण निघाले ते नागगोळीतून. घनमीटरमागे ६४,५०० मायक्रोग्रॅम. आपल्याकडे चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा ६० आहे. क्षणभराचा उच्चांक आणि दिवसाची सरासरी यांची थेट तुलना करू नये हे मला कळतं, पण माझ्या श्वासनलिकांना सरासरी काढता येत नाही. गंमत अशी की नागगोळीचा आवाज होत नाही, म्हणून घाबरणाऱ्या लहान मुलांच्या हातात आपण तीच देतो. आमच्या दुसऱ्या मजल्यावरची चार वर्षांची मुलगी दिवाळीत पार्किंगमध्ये उकिडवी बसून त्या काळ्या सापाकडे डोळे विस्फारून बघत असते. तिला मी काय सांगू? कलम २१?

मी लिफ्टने वर जाते आणि दार लावून घेते. बरेचदा मी हेच करते. हक्क बजावायचा म्हणजे रोज कुणाच्या तरी आनंदात पाणी ओतायचं, आणि ज्यांच्यावर ओतायचं त्यांच्याकडेच दुसऱ्या दिवशी दुधाची पिशवी घ्यायला सांगायचं. सोसायटीत राहणारा माणूस हक्कांपेक्षा दुधाच्या पिशवीवर जास्त अवलंबून असतो.

आणि पुरावा? झटका नसतो तेव्हा मी ठणठणीत दिसते. ‘परवा तर सिंहगडावरचे फोटो टाकलेस!’ हो, टाकले, चांगला आठवडा होता. पाय मोडलेल्याला प्लॅस्टर दाखवता येतं. दमेकऱ्याकडे दाखवण्यासारखा फक्त इनहेलर असतो, आणि तोच लपवायला शिकवलं जातं. ‘सवय लागेल’, ‘स्थळं येणार नाहीत’, ‘पंप म्हणजे शेवटची पायरी’ ही वाक्यं मी वेगवेगळ्या मावश्यांच्या तोंडून ऐकलीत. देशभरातल्या सव्वा लाखाहून जास्त लोकांची पाहणी करून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात (पुण्याचे डॉ. संदीप साळवी त्याच्या लेखकांपैकी एक) असं दिसलं की छातीत घरघर होणाऱ्यांपैकी ८२ टक्के लोकांना दम्याचं निदानच झालेलं नव्हतं. तीव्र लक्षणं असलेल्यांतही ७० टक्क्यांना नाही. म्हणजे रात्री उश्यांवर कोपरं टेकून बसलेल्या बहुतेकांना आपण कोणत्या नावाने हवा मागायची हेही ठाऊक नाही.

लंडनमध्ये एला अडू-किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी फेब्रुवारी २०१३ मध्ये दम्याने गेली. ती वाहत्या हमरस्त्याजवळ राहायची. तिच्या मृत्यूला हवेचं प्रदूषणही कारण होतं, असं अधिकृत नोंदीत येण्यासाठी तिच्या आईला पहिली चौकशी रद्द करवून दुसरी करवून घ्यावी लागली. निकाल आला डिसेंबर २०२० मध्ये. जवळजवळ आठ वर्षं.

*

माझ्या मुठीचं स्वातंत्र्य दुसऱ्याच्या नाकापाशी संपतं, हे आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. ऐकायला छान आहे. अडचण अशी की माझं नाक इतरांच्या मानाने फार अलीकडे सुरू होतं. शेजारच्या आजींना धुपाचा नुसता सुगंध येतो, तेवढ्यानेच माझी घरघर चालू होते. मग नाक कुणाचं धरायचं? सरासरी माणसाचं धरलं तर मी दर दिवाळीत हॉस्पिटलात. माझं धरलं तर आख्ख्या धायरीत कुणी उदबत्तीसुद्धा लावायची नाही.

दुसरी अडचण, प्रत्येक त्रासाला समोर माणूस सापडतच नाही. गाजर गवत घ्या. रिकाम्या प्लॉटवर, रेल्वेच्या कडेला माजणारं, पांढऱ्या फुलांचं. अॅलर्जी असलेल्यांना त्याचे पराग त्रास देतात, मी त्यातली एक. भारतात हे गवत पसरायला लागल्याची नोंद झाली ती आमच्या पुण्यातच, १९५५ साली. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं सर्रास सांगितलं जातं, आणि लोक त्याला काँग्रेस गवतही म्हणतात. पण दावा कुणावर लावायचा? गव्हावर, की गहू खाऊन जगलेल्या माणसांवर? पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते, तिचा तर कुणी जुना सरकारी करारही सापडत नाही.

तिसरी अडचण मी स्वतः. मी स्कूटरवरून ऑफिसला जाते. सिंहगड रोडच्या सिग्नलला माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाला माझा धूर जातो. आणि ज्यावर मी जगते तो इनहेलर? त्यातलं औषध फुप्फुसात ढकलणारा वायू पृथ्वी तापवतो. पावडरच्या इनहेलरला असा वायू लागत नाही, पण तो जोरात ओढावा लागतो, आणि ऐन झटक्यात तेवढा जोर कुठून आणायचा?

इथे मला एक गोष्ट सापडली, आणि ती फार आवडली. पूर्वी इनहेलरमध्ये सीएफसी असायचे, ओझोनचा थर खाणारे. १९८७ च्या माँट्रियल कराराने जगाने ते हळूहळू बंद करायचं ठरवलं. फ्रिज बदलले, स्प्रे बदलले. पण दम्याच्या इनहेलरला अनेक वर्षं सवलत दिली गेली. १९९२ मध्ये त्यासाठी ‘अत्यावश्यक वापरा’ची कसोटी ठरली. तिचा गाभा दोन प्रश्नांचा. ही गोष्ट आरोग्यासाठी, सुरक्षिततेसाठी खरोखर गरजेची आहे का? आणि तिला परवडणारा, चालण्याजोगा पर्याय उपलब्ध आहे का? गरज आहे आणि पर्याय नाही, तर वापरा. दरम्यान पर्याय शोधायचं काम सगळ्यांचं. आभाळाला भोक पडत असताना जग दमेकऱ्यांसाठी थांबलं. एरवी ‘जरा’ म्हणत जगणाऱ्या मला हे वाचून भरून आलं होतं.

मग त्याच दोन प्रश्नांनी मी आजूबाजूला बघायला लागले. नागगोळी : गरज नाही, पर्याय शंभर. डिओ : तेच. रस्त्यावर जाळलेला पाला : पर्याय आहे, पण तो मावशींच्या हातात नाही, पाला उचलून नेणारी गाडी पाठवणाऱ्यांच्या हातात आहे. आणि काकांची शेकोटी?

साठीचा माणूस, बारा तासांची रात्रपाळी. केबिन तीन बाजूंनी काचेची आणि चौथी बाजू उघडी, कारण दार लावलं की वॉचमन झोपतो असं कमिटीचं मत. गरज आहे? आहे. पर्याय? नाही. ज्या कसोटीवर माझा इनहेलर वाचला, तिच्यावर काकांची शेकोटीही पास होते. चरक म्हणतो दमेकऱ्याला ऊब हवीशी वाटते; ती मी दुलईत घेऊन बसले होते, आणि खाली बसलेल्या माणसाची ऊब माझ्या सांगण्यावरून विझली.

शिवाय तो धूर सर्वात जवळून कोण घेत होतं? काकांना खोकला आहे. तीन हिवाळे मी तो ऐकतेय आणि तीन हिवाळे त्याचा विचार केलेला नाही. जगात सिगरेट ओढणाऱ्यांपेक्षा लाकूड-गोवऱ्यांच्या धुरात श्वास घेणारी माणसं कितीतरी जास्त आहेत. न ओढणाऱ्यांच्या फुप्फुसांच्या आजारावर डॉ. साळवी आणि पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं तेव्हा त्यांनी हेच पुढे आणलं होतं. मी काकांना एकदा म्हटलं, हा धूर तुम्हालाही वाईट. ते म्हणाले, ‘गावाकडं चुलीम्होरंच वाढलो ताई.’ विषय संपला.

म्हणजे भांडण माझं आणि त्यांचं नव्हतंच. दार नसलेली केबिन बांधणारी सोसायटी आमची, तिचा मेंटेनन्स मी दर महिन्याला भरते. पण रात्री साडेतीनला सोसायटी कुठे सापडते? सापडतो तो खाली बसलेला एक माणूस, ज्याला नाही म्हणायची सोय नाही. तो ‘नाही’ म्हणू शकत नव्हता म्हणूनच मला इतक्या सहज हवा मिळाली, हे मला आजही टोचतं.

*

फेब्रुवारीच्या मीटिंगमध्ये मी विषय काढला. केबिनला दार आणि एक रूम हीटर. चेअरमन म्हणाले, तो एजन्सीचा माणूस आहे, एजन्सीने बघावं. एकजण म्हणाले, हीटर दिला तर झोपेल. एक काकू फार मायेने म्हणाल्या, ‘अगं, तू एअर प्युरिफायर घे ना, आम्ही घेतलाय.’ मी घेणारही आहे कदाचित. पण ज्याला परवडेल त्याने आपापली हवा विकत घ्यायची आणि खिडकी लावून घ्यायची, असं म्हटल्यावर गेटवरच्या माणसाच्या वाट्याला खिडकीच येत नाही. हे मी तेव्हा बोलले नाही. तेव्हा मी फक्त सीसीटीव्हीच्या आठ नव्या कॅमेऱ्यांचं बिल किती आलं ते विचारलं. थोडी शांतता झाली. हीटर मंजूर झाला, दार पुढच्या वर्षी बघू.

हीटर आला मार्चमध्ये, तोवर लोक पंखे पुसायला लागले होते. काकांनी तो खोक्यासकट केबिनच्या कोपऱ्यात ठेवला आणि त्यावर रजिस्टर ठेवायला सुरुवात केली.

मला स्वतःबद्दल एक शंका आहे, ती लिहूनच टाकते. मला धूर आला नसता तर मी त्यांच्या थंडीबद्दल कधी बोलले असते का? बहुधा नाही. मी त्यांच्यासाठी हीटर मागितला की माझ्या रात्रीच्या झोपेसाठी? मैत्रीण म्हणते, काय फरक पडतो, हीटर तर आला. काकांच्या बाजूने पाहिलं तर नाहीच पडत. माझ्या बाजूने पडतो, कारण ज्यांच्या धुराचा मला त्रास होत नाही अशी गारठलेली माणसं शहरात भरपूर आहेत.

या डिसेंबरात हीटरचा लाल दांडा पेटायला लागला. शेकोटी बंद. आठवडाभर मी आडवी होऊन झोपले.

मग पलीकडच्या प्लॉटवर बांधकाम सुरू झालं. पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या, सात-आठ कुटुंबं असावीत. पहाटे पाचला तिथे तीन दगडांच्या चुली पेटतात. सेंटरिंगच्या फळ्यांचे तुकडे जळतात, ऑइल लागलेले. त्या प्लॉटचा मेंटेनन्स मी भरत नाही, आणि मीटिंगला मला कुणी बोलावणार नाही. बिल्डरचा नंबर बोर्डावर आहे. मी लावून पाहिला, फ्लॅट बुक करायचा आहे का असं विचारलं गेलं. आज सकाळी धुराबरोबर लसणाची फोडणी आणि भाकरी भाजल्याचा वास आला. काटा २४० वर थांबला. मी खिडकी लावली, पंपाचा एक दाब घेतला, मिनिटभर थांबून दुसरा घेतला, आणि गुळण्या करायला बेसिनपाशी गेले.